चामड्याचं चिलखत, आकडा दोन

"लेदर? तू?" शार्दूलनं कानावरची पेन्सिल काढली. "दिग्या, तू पुढच्या फळीतला. लेदर घालून पुढं उभा राहिलास तर चार दणक्यांत जाशील."

"जाईन तर जाईन," मी म्हणालो. "लिही."

"अरे, पण पोलादी घे ना! मागच्या मोहिमेत घेतलं होतंस की."

"या वेळी चामड्याचं."

रविवारची सकाळ होती. कर्वेनगरात शार्दूलच्या घरी हॉलमध्ये आम्ही चौघं बसलो होतो, पोह्यांच्या बश्या अजून टेबलावरच होत्या. या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. हा खेळ तेव्हा आमच्या ओळखीत आमच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हता. प्रत्येकानं एक पात्र बनवायचं, त्याची ताकद, हत्यार, चिलखत कागदावर लिहायचं. मग शार्दूल गोष्ट सांगत जायचा: समोर दरी आहे, मागून राक्षस येतोय, काय करतोस? आपण काय ते सांगायचं आणि फासे टाकायचे. शार्दूल म्हणजे मास्टर. राक्षसही तोच आणि देवही तोच. नियमांचं जाडजूड पुस्तक त्याच्या मामानं परदेशातून आणलेलं होतं, त्याला तो कुणाला हात लावू द्यायचा नाही.

नव्या मोहिमेच्या पहिल्या दिवशी त्याची एक पद्धत होती. एकेकानं खुर्चीवरून उठायचं आणि मोठ्यानं तीन गोष्टी सांगायच्या: नाव, कुळ, चिलखत. बसल्या बसल्या सांगितलेलं तो लिहून घेत नसे.

इंद्रजितचं सांगून झालं होतं. छाती काढून उभा राहिला होता पठ्ठ्या. "नाव रुद्रसेन, कुळ सूर्यवंशी, चिलखत पोलादी!" ऋता उठली ती पोहे खातच. "नाव घुबडी. कुळ माहीत नाही, मला जन्मल्या जन्मल्या टाकून दिलंय. चिलखत नको, झगा पुरे. मी जादूगारीण आहे." शार्दूलनं तेही इमानेइतबारे लिहून घेतलं. राहिलो मी. मी अजून उठलो नव्हतो, नुसतं चिलखत तेवढं बोलून बसलो होतो.

आता खरं सांगतो. त्या टेबलाशी मी दीड वर्ष एका लबाडीवर बसलो होतो.

इंद्रजित साताऱ्याकडचा. पहिल्या दिवशी त्यानं मला आडनाव विचारलं, मी पोवार म्हणालो. गाव विचारलं, कोल्हापूर म्हणालो. "मग आपल्यातलेच की!" म्हणून त्यानं माझ्या पाठीत थाप मारली. मी हसलो. बस, एवढंच केलं मी. आडनावाला काय, ते कुणाचंही असतं. तो दुसऱ्या कॉलेजातला, त्यामुळं ॲडमिशनच्या याद्या त्यानं पाहिल्या नव्हत्या. शार्दूल माझ्या वर्गातला, पण त्याला फक्त राक्षसांच्या याद्या पाठ. त्या एका हसण्यावर इंद्रजितनं मला वारज्यात आपल्या काकांच्या घरी वरची खोली मिळवून दिली. काकू ताट वाढताना म्हणायच्या, "पोवारांचा पोरगा लाजतो बाई जेवायला." कुणी विचारलं की मी सुभाषनगरच्या जागी राजारामपुरी सांगायचो. कोल्हापुरातल्या माणसाला यातला फरक लगेच कळतो. सुभाषनगरात आमच्या घरात तीन पिढ्या चपला बनतात.

"हे बघ," शार्दूल पुस्तक उघडून म्हणाला. तो चिडला की मास्तरांसारखं बोलायचा. "कापडी शून्य. लेदर दोन. साखळ्यांचं पाच. पोलादी आठ. राक्षसाच्या प्रत्येक घावातून तेवढा आकडा वजा. आणि दहा बाजूंच्या फाशावर राक्षस दहाचासुद्धा घाव घालू शकतो. दोन वजा होऊन काय उपयोग? लेदर चोरांसाठी असतं रे. पुस्तकात लिहिलंय. चोर, भामटे, गरीब लोक."

"दोन हा आकडाच चुकीचा आहे," मी म्हणालो.

"पुस्तक चुकीचं आहे?"

"चुकीचं आहे."

ऋता खुश झाली. शार्दूलच्या पुस्तकाला चुकीचं म्हणणारा तिला पहिल्यांदाच भेटत होता.

"चामडं म्हणजे तू बॅगेचं समजतोस, मऊ," मी म्हणालो. "म्हशीचं जाड चामडं, हिरडा नि बाभळीच्या सालीत कमावलेलं. ते ओलं करून गरम पाण्यात घालायचं. उकळत्या नाही, उकळलं की तडकतं. हात घालवणार नाही इतपत गरम. आक्रसतं ते, आणि वाळलं की लाकूड होतं. त्याचे दोन थर एकावर एक शिवले तर आरी मोडते."

"आरी म्हणजे?" ऋतानं विचारलं.

"टोच्या. चामड्याला भोक पाडायचा."

"पुस्तकात असं काही नाही," शार्दूल म्हणाला.

"नसू दे."

"मग मी कसा आकडा वाढवू? उद्या ऋता म्हणेल, माझा झगा पैठणीचा आहे, मला सहा दे."

"मला सातच दे," ऋता म्हणाली.

"मी वाढवून मागतच नाही," मी म्हणालो. "मी फक्त सांगतोय की पुस्तक लिहिणाऱ्यानं चामडं हातात घेतलेलं नाही."

इतका वेळ इंद्रजित फासे खुळखुळवत ऐकत होता. आता तो हसला. "पोवार, लेका, राजासारखा माणूस तू. चामडं कसलं अंगावर घालतोस? शोभतं का आपल्याला?" मग सहज म्हणाला, "आणि तुला एवढं कसं काय माहीत रे?"

यावर एक साधं उत्तर होतं. इंटरनेटवर वाचलं, म्हणायचं आणि पुढं खेळायचं. दीड वर्षात अशी शंभर उत्तरं मी दिली होती, एकही अडखळलं नव्हतं. पण आधीच्या गुरुवारी एक गोष्ट घडली होती आणि तेव्हापासून मला धड झोप नव्हती.

पेठेत एका शाळेच्या मैदानावर हस्तकलेचं प्रदर्शन भरलं होतं, दहा दिवसांचं. माझे वडील, आबा, तिथं चपलांचा गाळा लावून बसलेत हे मला ठाऊक होतं. येऊन आठवडा झाला तरी मी गेलो नव्हतो. सबमिशन आहे, परीक्षा आहे, असं फोनवर सांगत होतो. गुरुवारी इंद्रजितला चप्पल घ्यायची होती आणि तो मला ओढत तिथं घेऊन गेला. "तू कोल्हापूरचा, तुला पारख असणार." शंभर गाळ्यांतून तो नेमका आबांच्या गाळ्यापुढं थांबला.

आबांनी मला पाहिलं. मग इंद्रजितला पाहिलं, त्याचा माझ्या खांद्यावरचा हात पाहिला. आणि मला म्हणाले, "या साहेब. बघा, निवांत बघा."

मला! साहेब!

पुढं पंधरा मिनिटं त्यांनी इंद्रजितचा पाय हातात घेऊन एकेक जोड घालून दाखवला. अंगठा नीट बसतो का बघितलं, पट्टा ढिला केला. मी बाजूला उभा राहून म्हणत होतो, "हा बरा दिसतो." इंद्रजितनं भाव पाडायचा प्रयत्न केला, आबांनी एक रुपया सोडला नाही. माझ्याकडं त्यांनी पुन्हा बघितलं नाही. संध्याकाळी फोन आला, तेव्हा तेवढंच विचारलं, "जेवलास का?" त्या प्रकाराबद्दल चकार शब्द नाही. आई असती तर चार शिव्या हासडल्या असत्या आणि मी मोकळा झालो असतो. आबांनी मला सांभाळून घेतलं, आणि तेच मला सहन होईना.

"अरे, बोल ना," इंद्रजित म्हणाला. "कसं माहीत?"

मी उठलो. खुर्ची मागं सरकली तेव्हा शार्दूलला वाटलं मी जाहीर करायला उठलोय, त्यानं पेन्सिल सरसावली. तसं मी जाहीरच केलं.

"लहानपणी मी बंबात चामड्याचा तुकडा टाकला होता," मी म्हणालो. "अंघोळीच्या पाण्यात. बाहेर काढला तर कडक झालेला. आबांनी आधी मला एक थोबाडीत दिली. मग त्या तुकड्यावर आरी मारून बघितली, तर आरीचं टोक वाकलं. दिवसभर ते सगळ्या गल्लीला तो तुकडा दाखवत फिरत होते. म्हणून माहीत. आमचा चपलांचा धंदा आहे. आम्ही चांभार आहोत, सुभाषनगरातले. राजारामपुरी वगैरे सगळं खोटं सांगत होतो मी."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. शार्दूलची आई आतून ओरडली, "कुणीतरी गॅस बारीक करा रे!" कुणी उठलं नाही.

इंद्रजितची नजर दाराकडं गेली. दाराशी आमच्या सगळ्यांच्या चपला काढलेल्या होत्या आणि त्यात त्याचा नवा कोरा जोड होता.

"म्हणजे गुरुवारी..." तो म्हणाला.

"हो. तुझ्या पायात चप्पल घातली ते माझे वडील."

"आणि तू शेजारी उभा राहून..."

"उभा राहून बघत होतो. ते माझं पाप आहे, तुझं नाही."

"मग आमच्या घरात कसा राहिलास तू?" त्याचा आवाज चढला. "काकूंना काय सांगू मी? दीड वर्ष फसवलंस सगळ्यांना!"

"फसवलं. तेवढं कबूल," मी म्हणालो. "पण मी कोण ते तू विचारलं नव्हतंस, तू ठरवलं होतंस. आणि काकूंना काय सांगायचं ते मीच सांगीन. ताट मी खाल्लंय, तू नाही."

"भांडू नका ना," शार्दूल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. वाईट मुलगा नव्हता तो, त्याला पुस्तकाबाहेरचं काही समोर आलं की घाम फुटायचा. त्यानं घाईघाईनं माझ्या कागदावर काहीतरी खरडलं. "हे बघ, दिगंबर," दीड वर्षात पहिल्यांदा मला दिगंबर म्हणाला तो, "मला तुझं पटतंय. लेदरचे तुला पाच देतो. साखळ्यांइतके. काय?"

इंद्रजित खुर्चीत मागं रेलला. "घ्या. इथं पण सवलत."

माझं डोकं सणकलं. हात उचलला जाईल असं वाटलं, म्हणून मी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"शार्दूल, तो आकडा खोड."

"अरे, पण तूच म्हणालास ना, दोन चुकीचा आहे?"

"पाच मिनिटांपूर्वी मी तुला गरम पाण्याचं सगळं सांगितलं, तेव्हा पुस्तकात नाही म्हणालास. आता माझा बाप काय करतो ते कळलं आणि पाच झाले? हे पाच चामड्याचे नाहीत, माझी कीव करून दिलेत. मला नकोत. तेव्हा पटून दिले असतेस तर घेतले असते, इंद्रजितच्या नाकावर टिच्चून घेतले असते."

"बरोबर बोलतोय तो," ऋता म्हणाली. बशी खाली ठेवून ती सरळ बसली होती. "खोड शार्दूल. आणि त्याला नीट जाहीर करू दे. आम्ही केलं तसं."

शार्दूलनं खोडरबरानं पाच पुसला.

"नाव?"

"दिगंबर."

"खेळातलं नाव सांग."

"तेच. दिगंबर रामू पोवार. कुळ चांभार. चिलखत चामड्याचं, आकडा दोन."

त्यानं लिहून घेतलं, कुळासकट. मला वाटलं आता इंद्रजित उठून जाईल, पण गेला नाही. अर्धवट खेळ सोडणारा नामर्द, असं तोच नेहमी म्हणायचा.

खेळ सुरू झाला. शार्दूलनं आम्हाला एका पडक्या गढीत नेलं. पुढं दरी, दरीवर दोराचा पूल, आणि मागून राक्षस. पुलावरून दोघांना पार व्हायला चार डाव लागणार होते. तोवर तिसऱ्यानं गढीचं दार अडवायला हवं होतं.

"दार मी धरतो," मी म्हणालो.

"पोलादी माझ्याकडं आहे," इंद्रजित पुटपुटला. तो माझ्याकडं नव्हे, कागदाकडं बघून बोलत होता.

"मग थांब माझ्याबरोबर."

तो फासे खुळखुळवायला लागला.

माझा जीव अठरा होता. पहिल्या डावात शार्दूलनं फासा टाकला, नऊ. दोन वजा, सात गेले. दुसऱ्यात चार पडले, दोन गेले. माझ्या तलवारीनं राक्षसाला दोनदा ओरखडे काढले, त्याला त्याचं काही नव्हतं. ऋता पुलाच्या मध्यावरून जादूचे गोळे फेकत होती आणि दर वेळी ओरडत होती, "दिग्या, टिक!" तिसऱ्या डावात पडले दहा. आठ गेले आणि माझा जीव राहिला एक.

"इंद्रजित, तुझी पाळी," शार्दूल म्हणाला. "तू अजून पुलाच्या तोंडाशीच आहेस. मागं फिरून दाराशी येऊ शकतोस. तुझं पोलादी आहे, तुला हा राक्षस काही करू शकत नाही."

सगळे त्याच्याकडं बघत होते. त्याच्या हातात फासे होते आणि तो ते हलवत नव्हता. मला वाटलं येईल. अजूनही सांगतो, त्या क्षणी मला अगदी आतून वाटत होतं की यावं त्यानं, हसावं आणि माझ्या पाठीत थाप मारावी.

"रुद्रसेन पूल ओलांडतो," तो म्हणाला.

चौथ्या डावात राक्षसाचे सहा पडले. चार गेले, माझ्याकडं एकच होता.

शार्दूल फाशाकडं बघत बसला. "पुन्हा टाकू का?" त्यानं हळूच विचारलं. "फासा टेबलाच्या कडेला लागला होता. पाच घेतले असतेस तर अजून आठ शिल्लक असते तुझे."

"मी हिशोब केलाय," मी म्हणालो. "मेलो मी. पण चार डाव दार धरलं आणि दोघंही पार झाले. तेवढं लिही तुझ्या वहीत. नाव, कुळ, चिलखत, सगळं लिही."

त्यानं लिहिलं. मी माझ्या पात्राचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि उठलो.

इंद्रजित माझ्याआधीच दाराशी पोचला होता. नव्या चपलांसमोर तो नुसता उभा होता, पाय घालावा की नको असा. मला त्याची दया नाही आली.

"घाल रे," मी म्हणालो. "विकत घेतल्यास तू, भीक नाही ती. चावत असतील तर आतून तेल लाव, चार दिवसांत बसतील. चांगला हात आहे आबांचा."

त्यानं चपला घातल्या आणि माझ्याकडं न बघता जिना उतरून गेला. पुढं त्याची-माझी गाठ कधी पडली नाही.

मी खाली आलो तर मागून ऋता धावत आली. "प्रदर्शन आज संपतंय ना? मी येऊ? मलाही चप्पल घ्यायचीच होती."

"चप्पल घ्यायला नको येऊस," मी म्हणालो. "यायचं तर माझ्या वडिलांना भेटायला ये."

"तसं म्हण ना मग," ती म्हणाली, आणि माझ्या सायकलच्या मागं तिनं आपली गाडी काढली.

दुपारी मैदानावर ही गर्दी! शेवटचा दिवस, सगळे भाव उतरलेले. आबा खाली मान घालून एका जोडाचा टाका ओढत होते. मी समोर उभा राहिलो. त्यांनी मान वर केली, माझ्या शेजारी ऋता दिसली, आणि त्यांचे डोळे लगेच माझ्यावरून सरकले.

"या ताई," ते ऋताला म्हणाले. "कुठला नंबर दाखवू?"

"आबा," मी म्हणालो.

ते टाका ओढत राहिले. ओठ न हलवता हळू आवाजात म्हणाले, "संगं माणूस हाय तुझ्या. जा, संध्याकाळी फोन कर."

"तिला सांगितलंय मी."

"काय सांगितलंस?"

"सगळं."

"आणि त्या गुरुवारच्या पोराला?"

"त्यालापण."

आबांनी आरी खाली ठेवली. "मग खोली गेली आसंल तुझी."

"गेली."

"शाना हाईस. ऱ्हानार कुठं आता?"

"बघीन कुठंतरी. आबा, गुरुवारी मी तुम्हाला ओळख दिली नाही."

"मी तरी कुठं दिली?" ते म्हणाले. "जाऊ दे. तुझं शिक्षण महत्त्वाचं. त्यात काय एवढं मनाला लावून घ्यायचं."

"तुम्ही माझ्यासाठी दिली नाही. आता माझ्यासाठी द्या. इथंच, सगळ्यांसमोर."

आबा माझ्याकडं बघत राहिले. समोरच्या गिऱ्हाइकानं दोनदा किंमत विचारली, त्यांनी ऐकलं नाही. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, हात सदऱ्याला पुसले, आणि शेजारच्या गाळ्यावर घोंगड्या विकणाऱ्या धनगरबाबांना मोठ्यानं हाक मारली.

"ओ सिदूआण्णा! हिकडं बघा जरा. हा आमचा दिगंबर. इंजिनेरचं शिकतोय हितं. माझा पोरगा!"

सिदूआण्णांनी मला खालीवर न्याहाळलं. "आरं वा! दहा दिवस आमी शेजारी बसलोय, कदी दिसला न्हाई ह्यो?"

"कामात हुता," आबा चटकन म्हणाले. "लई आब्यास असतो त्येला."

"कामात नव्हतो," मी म्हणालो. "लाजत होतो."

आबांनी माझ्या दंडाला धरलं, घट्ट, आणि मला गाळ्याच्या आत ओढलं.

"बस खाली," ते म्हणाले. "त्या किंमत इचारनाऱ्या पावण्यांना नऊ नंबर दाखव."